हाराआडचा लाल दिवा

बाबा हॉस्पिटलच्या कॉटवर ताठ बसून डॉक्टरांची उलटतपासणी घेत होते. आदल्या दिवशी ते गंगापूर रोडला भाजीच्या गाडीसमोर उभे असताना कोसळले होते. पडताना त्यांनी हातातली दुधी भोपळ्याची पिशवी सोडली नाही, हे आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. तपासण्यांमध्ये निघालं ते असं, की हृदयाला 'आता धडक' म्हणून सांगणारा विजेचा इशारा त्यांच्या छातीत मध्येच अडतो. कधी क्षणभर, कधी जास्त. पुढच्या वेळी तो अडला आणि सुटलाच नाही, तर शेजारी भाजीवाला असो की डॉक्टर, फारसा फरक पडणार नव्हता. पेसमेकर बसवायला हवा होता आणि तो लगेच बसवायला हवा होता.

"बसवू की," बाबा म्हणाले. "पण आतला प्रोग्रॅम बिघडला तर ते यंत्र काय करतं?"

"काका, तसं सहसा होत नाही."

"सहसाचं मी विचारलंच नाही. झालं तर काय करतं?"

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी बॅटरी किती वर्षं टिकते ते सांगितलं, मोबाइल कुठल्या खिशात ठेवायचा ते सांगितलं, अशी यंत्रं घेऊन लोक कुठले कुठले गड चढतात तेही सांगितलं. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मिळेपर्यंत सही होणार नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. बाबांचा चष्मा डबीत गेला की आमच्या घरात विषय संपतो.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाट बघण्यासारखी परिस्थिती नाहीये." आत आले तर आई माझ्याकडेच बघत होती.

"तू हेच करतेस ना गं दिवसभर? मग सांग की त्यांना."

मी हेच करते दिवसभर. म्हणूनच सांगता येत नव्हतं.

माझं काम लग्नकार्यात समजावून सांगण्यासारखं नाही. मी सातपूरच्या एका लहान कंपनीत आहे. आम्ही कोल्डरूमची, म्हणजे फळं-फुलं थंड ठेवायच्या खोल्यांची, कंट्रोल पॅनेलं बनवतो, आणि त्या पॅनेलच्या पोटात जो छोटा कॉम्प्युटर असतो त्याचा कर्नल माझ्याकडे असतो. कर्नल म्हणजे यंत्रातला सगळ्यात मुख्य प्रोग्रॅम. बाकीचे त्याच्या भरवशावर चालतात. त्यांच्यातलं कोणी चुकलं तर कर्नल त्याला हाकलून देतो आणि इतरांचं काम चालू ठेवतो. पण चूक खुद्द कर्नलच्याच घरात निघाली तर त्याच्या वर कोणी नसतं. त्याची स्वतःची मेमरी त्याला खोटं सांगायला लागते, आणि दुरुस्ती करायची म्हटलं तरी पुन्हा त्याच मेमरीला विचारावं लागतं.

या अवस्थेला आमच्यात 'पॅनिक' म्हणतात. नाव चुकीचं आहे. घबराट वगैरे काही नसते, सगळं फार शांतपणे होतं. बाहेरून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. डिस्कवर काही लिहायला जायचं नाही, कारण आपण जे लिहू ते खरं असेलच असं नाही आणि आधीचं खरंही त्यात पुसलं जाईल. काय झालं ते स्क्रीनवर एकदाच सांगायचं, लाल दिवा लावायचा आणि थांबायचं. या शेवटच्या क्षणांचा कोड मी लिहिते. मृत्युपूर्व जबाब नोंदवणाऱ्या हवालदाराचं काम आहे म्हणा, फक्त जबाब आधीच लिहून ठेवावा लागतो.

यातलं 'थांबायचं' हे माझं. दुसराही रस्ता असतो, आपोआप पुन्हा चालू व्हायचा, आणि आमच्या मालकांना तोच हवा होता.

"मॅडम, गिऱ्हाइकाला कळू कशाला द्यायचं? पडलं, उठलं, चाललं."

मी म्हटलं, ज्या कारणानं पडलं ते तसंच राहिलं तर ते पुन्हा पडेल, पुन्हा उठेल, आणि दर वेळी कॉम्प्रेसरला दणका बसेल. कॉम्प्रेसर जळाला की मग गिऱ्हाइकाला कळेलच. शिवाय ज्याला स्वतःची खात्री नाही त्यानं दुसऱ्याचा माल सांभाळू नये. मालक चहा संपेपर्यंत भांडले आणि मग हो म्हणाले. मला जिंकायची सवय नाही, त्यामुळे तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

हे 'थांबायचं' मी कॉलेजात शिकले नाही, घरी शिकले. बाबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तिथे पाळी संपताना प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत परत यावं लागायचं. एक खाच जरी रिकामी दिसली तर विमान जागचं हलायचं नाही आणि माणसंही नाहीत. स्क्रूड्रायव्हर विमानाच्या पोटात राहून गेला तर तो वर गेल्यावर कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. अशा वेळी सगळं थांबवणारा माणूस म्हणजे बाबा. कारखान्याची बस उशिरा आली की कॉलनीतल्या बायका आईकडे बघायच्या. घरीही तेच. झारा सापडला नाही तर आमची जेवणं थांबायची.

"अहो, हे विमान नाहीये, वरण आहे," आई म्हणायची. बाबा ओट्याखाली वाकून झारा शोधत राहायचे.

तर अशा माणसाला मी काय सांगणार होते? की बाबा, ते यंत्र मी लिहिलं असतं तर बिघडल्यावर ते थांबलं असतं, आणि तुम्हीच मला तसं शिकवलंय? मला भीती वाटत होती. ती कुठे ठेवावी हे कळेना म्हणून मी आईवर खेकसले. आई म्हणाली, "माझ्यावर ओरडून त्यांची सही होणार असेल तर अजून ओरड." 

तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी बाबांचे मायक्रोमीटर आणि व्हर्नियर, आईची विळी आणि कात्री, माझा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडलं जातं. पूजा होते आणि मग बाबा जाहीर करतात, "आज सगळ्यांना सुट्टी." दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाच हात लावायचा नाही. आई भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवते. त्या वर्षी पाट मांडलाच गेला नाही. बाबांनी कॉटवरून एकदा विचारलं, "हत्यारांचं काय केलंत?" आम्ही दोघींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दसऱ्याच्या सकाळी मला दिंडोरीकडून फोन आला. तिथे एक बाई पॉलिहाउसमध्ये गुलाब लावतात आणि त्यांची कोल्डरूम आमच्या पॅनेलवर चालते. ती कोल्डरूम त्यांनी घरातल्या सगळ्यांशी भांडून बांधून घेतली होती, हे मला ठाऊक होतं, कारण पॅनेल बसवायला गेले तेव्हा ते भांडण चालूच होतं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, या." मालक गावी गेले होते. मी बाबांना म्हटलं, मी नाही जात.

"यंत्र थांबलंय ना? मग बघायला गेलंच पाहिजे," बाबा म्हणाले. "मी कुठे पळून जातोय?"

कोल्डरूमच्या भिंतीवर माझं पॅनेल होतं, पण ते दिसत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी त्या घरानं ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, फुलं छाटायच्या कात्र्या, सगळ्यांची यथासांग पूजा केली होती, आणि त्यात पॅनेलचा मान पहिला होता. हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, आणि वरून मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. तो हार स्क्रीन आणि लाल दिवा दोन्ही झाकून थेट खालच्या बटणांपर्यंत आला होता. मी तो बाजूला करायला हात पुढे केला तर बाईंचे सासरे घाईघाईनं पुढे आले.

"थांबा, थांबा. उत्तरपूजा नाय झाली अजून."

मग त्यांनी आंघोळ केली. आंघोळीनंतर अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि सावकाश हार उतरवला. आत लाल दिवा लागलेला होता. स्क्रीनवर मी लिहिलेली अक्षरं होती: मुख्य प्रोग्रॅममध्ये दुरुस्त न होणारी चूक आढळली आहे. यंत्र थांबवले आहे. कृपया कंपनीस कळवा. त्या 'कृपया'वर मी बराच विचार केला होता.

पूजा आटोपल्यावर लाइट गेली होती. जनरेटर चालू होताना विजेचा झटका बसला, मेमरीचा एक कोपरा बिघडला, कर्नलला ते कळलं आणि तो थांबला. अगदी मी सांगितलं होतं तसाच थांबला. कॉम्प्रेसरही बंद. तेव्हापासून ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पॅनेल हाराच्या आत उभं राहून आपलं निवेदन देत होतं. बझर नव्हता, कारण बझरची वायर लोक पहिल्याच आठवड्यात कापून टाकतात.

बाईंनी कोल्डरूमचं दार उघडलं. दसऱ्याच्या बाजारासाठी ठेवलेले सगळे गुलाब ऊब लागून उमलले होते. बाजाराला कळ्या लागतात, उमललेलं फूल कोणी घेत नाही. आतून इतका छान वास येत होता की मला मान वर करता येईना.

"आम्हाला वाटलं, पूजा झाली म्हनून शांत हाय," बाई म्हणाल्या. "एरवी लय आवाज करती."

"लाल दिवा लागला होता, ताई."

"हाराच्या आत?"

"हो."

"बरं. दिवा लावला, पाटी लिहिली. मग पुढं काय केलं तिनं?"

"थांबली."

"रातभर नुसती?"

"हो."

"लय भारी," बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून फुलं उचलायला लागल्या.  कोल्डरूमच्या भांडणात सासरे विरुद्ध बाजूला होते आणि आता त्यांना काही बोलायची गरजच उरली नव्हती. बाईंनी एक अख्खी बादली उमललेल्या गुलाबांनी भरली आणि माझ्यासमोर आदळली. "घेऊन जा. हितं ठेवून काय करू?" त्यांना राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. मला त्यांच्या रागापेक्षा ती बादली जास्त लागली. मी मेमरी बदलली, पॅनेल चालू केलं आणि बादली गाडीत घालून निघाले.

हॉस्पिटलात गुलाबांची बादली घेऊन शिरणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही, असं दिसलं. नर्स म्हणाली, "अय्या, काकांचा वाढदिवस?" आईनं फुलं सलाइनच्या स्टँडला टेकून ठेवली. बाबांनी चष्मा न लावताच त्यांच्याकडे पाहिलं.

"ही कुठून आली?"

मी सगळं सांगितलं. हाराचं सांगताना आई तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत.

"थांबल्यावर तिथे कोण येईल असं तू धरलं होतंस?"

"कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? हँगरमध्ये मी होतो. मीच थांबवायचो आणि मीच शोधायला लागायचो. तुझ्या त्या पॅनेलपाशी कोण होतं?"

"कोणी नव्हतं. झेंडू होता."

"मग?"

मलाही राग आला. दिवसभर सगळे मलाच विचारत होते. मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना थांबायला? मग विमान हवेत असताना बिघडलं तर काय करायचात तुम्ही?"

"हवेतलं आमच्या खात्याकडे नव्हतं. आमचं खातं जमिनीवरचं." आणि मग, झाऱ्यासाठी ओट्याखाली वाकताना जसं चिडून बोलायचे तसंच, "हवेत थांबून जाणार कुठे?"

हे बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या छातीवर गेला. आम्ही दोघंही उशाशी असलेल्या मॉनिटरकडे बघायला लागलो. त्यावरची हिरवी रेघ टेकड्या काढत चालली होती. ती मध्येच सपाट झाली. यंत्र ओरडायला लागलं, आईनं बाबांचा हात धरला, आणि नर्स दारात पोचायच्या आत रेघ पुन्हा उठली. बाबा थोडे पांढरे पडले होते. त्यांनी कोणालाही न विचारता एक गुलाब बादलीतून काढला आणि परत ठेवला.

डॉक्टर धावत आले, तेव्हा मी त्यांना प्रश्न बदलून विचारला. बिघडलं तर काय होतं, असं नाही. त्या यंत्राचा स्वतःवरचा भरवसा उडाला की ते कुठल्या अवस्थेत जातं?

"अच्छा, बॅकअप मोड म्हणताय?" डॉक्टर म्हणाले. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांना वाटलं होतं की काकांना धीर हवाय. "एरवी ते बरंच काही बघतं. तुम्ही चालताय का, बसलाय का, तुमचा स्वतःचा ठोका येतोय का, त्याप्रमाणे जुळवून घेतं. आत गडबड झाली की ही सगळी हुशारी सोडून देतं. एका ठरावीक वेगानं नुसता ठोका देत राहतं. पुढच्या तपासणीला आलात की आम्हाला ते कळतं."

"तो ठोका वेगळ्या सर्किटमधून येतो?" बाबांनी विचारलं.

"साधं, वेगळं सर्किट असतं."

"त्याला मुख्य प्रोग्रॅमची परवानगी लागत नाही?"

"नाही लागत. पण काका, त्या अवस्थेत जिना चढताना दम लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. "खाली उतरता आलं म्हणजे झालं." त्यांनी डबी उघडली, चष्मा लावला आणि डॉक्टरांकडे पेन मागितलं.

ऑपरेशन चालू असताना आई बाहेरच्या बाकावर बसून गुलाबांच्या पाकळ्या वेगळ्या करत होती. फुकट गेलेलं तिला बघवत नाही, ती गुलकंद करणार होती. मी शेजारी बसून माझ्याच कोडवर चिडत होते. आत बाबांच्या छातीत बसत होतं ते कोणीतरी, कुठेतरी, माझ्यासारखंच रोज डबा घेऊन कामाला जाऊन लिहिलं होतं. फक्त त्या माणसाला एक गोष्ट आधी सुचली होती. आपण ज्याच्यासाठी थांबतोय तो पलीकडे असेलच असं नाही. त्या माणसाचे आभार मानावेत असं मला फार वाटलं. कोणाला मानणार, म्हणून मी आईला पाकळ्या काढायला मदत केली.

पुढे मी पॅनेल बदललं. आता माझा कर्नल पॅनिकमध्ये गेला की सगळ्यात आधी कॉम्प्रेसरची सूत्रं एका वेगळ्या, मठ्ठ टायमरच्या हातात देतो. त्या टायमरला तापमान कळत नाही, मेसेज कळत नाही, काहीच कळत नाही. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, एवढंच तो करतो, आणि कोणी येईपर्यंत करत राहतो. कर्नल मात्र थांबतो. तेवढं मी सोडलं नाही. मालक म्हणाले, "मॅडम, म्हणजे माझंच बरोबर होतं." मी त्यांना 'नाही' म्हटलं, तरी ते आजही तसंच धरून चालले आहेत.

दिंडोरीच्या बाईंनी हे नवं पॅनेल एका अटीवर घेतलं. लाल दिवा भिंतीवर नको, बाहेर खांबाच्या टोकाला हवा, जिथे कोणाचा हार पोचणार नाही. तो तसा लावून दिला. बाईंनी मान वर करून ते टोक बघितलं. मग म्हणाल्या, "आमचे सासरे शिडी आनतील बघा." पण तोपर्यंत सासऱ्यांनी कोल्डरूममध्ये बाईंच्या फुलांच्या रांगेत स्वतःची शेवंती ठेवायला सुरुवात केली होती, म्हणून बाई हे हसत म्हणाल्या.

पुढची खंडेनवमी आली. या वेळी पाट मांडला गेला. बाबांनी मायक्रोमीटर पुसून ठेवला, व्हर्नियर पुसून ठेवला, माझ्या लॅपटॉपवरचा चहाचा डाग बघून माझ्याकडे बघितलं आणि तोही पुसला. आईनं विळी ठेवली, कात्री ठेवली. हळदीकुंकू वाहून झालं. ताम्हन बाजूला करून आई उठायला लागली, तर बाबा म्हणाले, "थांब. एक राहिलंय."

आई खाचा मोजायला लागल्यासारखी पाटाकडे बघायला लागली. बाबांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा उंचवटा आहे. ते आईच्या समोर आले आणि मान जरा वळवून उभे राहिले.

 तिनं करंगळीशेजारच्या बोटानं त्या उंचवट्यावर हळद लावली, मग कुंकू लावलं, आणि बोट जरा वेळ तिथेच ठेवलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. आई मग एक झेंडूचं फूल घेऊन, ते कुठे अडकवावं हे न कळून, तशीच उभी राहिली.

बाबांनी बटणं लावली नाहीत. दरवर्षीप्रमाणे ते पाटासमोर ताठ उभे राहिले आणि जाहीर केलं, "आज सगळ्यांना सुट्टी."

मग त्यांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू सोडून."